धरणाऱ्याची सही

अफजलपूर तालुक्यात राहणाऱ्याला परक्या माणसाचे भय वाटण्याचे खरे म्हणजे काही कारण नाही. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर आमच्याच तालुक्यात आहे. पौर्णिमा-अमावास्येला सोलापूर, पुणे, हैदराबाद अशा चहूकडून यात्रेकरू येतात; आणि त्यांच्या मागोमाग, किंबहुना त्यांच्याही आधी, झोळी घेतलेले गोसावी, डौर वाजविणारे डवरी, पोतराज, मसणजोगी येऊन पोहोचतात. दत्तमहाराज माध्यान्ही भिक्षेस येतात आणि ते कोणत्या रूपाने येतील हे सांगता येत नाही, अशी येथली श्रद्धा आहे. म्हणून गाणगापुरात माधुकरी मागणे आणि माधुकरी घालणे ही दोन्ही पुण्यकर्मेच समजली जातात. माझी आजी तर दारी आलेल्या भिक्षेकऱ्याला नाव-गावसुद्धा विचारू देत नसे.

अशा या तालुक्यातील एका खेड्यात, २०१८च्या जुलै महिन्यात, एका भिक्षेकऱ्याला शाळेच्या खोलीत कोंडण्यात आले, आणि त्या खोलीची किल्ली मी दिली.

त्या वेळी मी तेथील शाळेत सहशिक्षक होतो. मुख्याध्यापक बैठकीसाठी तालुक्याला गेले असल्याने किल्ल्या मजजवळ होत्या. महिनाभर साऱ्यांच्या मोबाइलवर एकच मजकूर फिरत होता: मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, त्या भिकाऱ्यांच्या वेषात असतात, सावध राहा. कानडीत ‘मक्कळ कळ्ळरु’, मराठीत ‘पोरं धरणारे’. आमच्या सीमाभागात अफवासुद्धा दोन्ही भाषांतून येते. सोबत एक चित्रफीतही होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ही फीत मुळात कराचीमध्ये बालकांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून केलेल्या लघुपटातली होती आणि मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कापून ती इकडे पसरली होती, हे पुढे वर्तमानपत्रांतून कळले. तोवर आमच्या गावातील आयाबायांनी मुलांना एकटे शाळेत पाठविणे बंद केले होते.

सकाळी अकराच्या सुमारास पन्नाशीचा एक डवरी गोसावी शाळेच्या कुंपणापाशी उभा राहून मुलांना अंगारा लावीत होता. कोणीतरी ओरडले. पाहता पाहता चाळीस-पन्नास माणसे जमली. त्याला दोन-चार थपडा बसल्या, झोळीतले धान्य सांडले. मग त्यातल्या त्यात समंजस असा एक गृहस्थ पुढे होऊन म्हणाला, “गुरुजी, एक खोली द्या. पोलीस येईपर्यंत आत ठेवू. बाहेर राहिला तर हे लोक ऐकायचे नाहीत.” मला ते पटले. चौथीच्या वर्गाची मुले मी व्हरांड्यात बसविली आणि कुलूप काढून दिले. माणसाचा जीव वाचविला, असेच त्या क्षणी मला वाटले.

पोलिसांना कोणी कळविले, हे मी विचारले नाही. प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याने कळविले आहे. दुपारी चारला, खिडकीतून त्याला दुसऱ्यांदा पाणी देताना, मी सहज चौकशी केली तेव्हा लक्षात आले की कोणीच कळविलेले नव्हते. मी फोन केला, साडेपाचला गाडी आली. त्याच्या कनवटीला आधार कार्ड होते. तो मंगळवेढ्याकडचा, गाणगापूरला निघालेला. पोलिसांनी विचारपूस केली, फोनवर त्याच्या गावी खात्री करून घेतली आणि त्याला मोकळे केले. सगळे मिळून साडेसहा तास. त्या दिवसाच्या हजेरीपटात किती मुले हजर, किती गैरहजर याची नोंद माझ्याच अक्षरात आहे. खोलीत कोंडलेल्या माणसाची नोंद कोठेच नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा राईनपाड्याची बातमी येऊन आठवडाही झाला नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी, बाजारच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले, म्हणजे आमच्या गोसाव्याच्याच मुलखातले. वाचकांनी एक तपशील ध्यानात घ्यावा. त्या पाच जणांना आधी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आले होते, आणि त्यांना मारले ते त्या खोलीत. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते आणि तरीही किल्ली दिली. माझ्या खोलीचे दार कोणी फोडले नाही, एवढाच काय तो फरक. त्याचे श्रेय माझ्याकडे येत नाही.

त्यानंतर १३ जुलैला आमच्या शेजारच्या बीदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातील मुरकी येथे तेच झाले. हैदराबादहून मोटारीने आलेल्या काही मित्रांपैकी एकाने वाटेतल्या गावी शाळकरी मुलांना चॉकलेटे वाटली. संशय आला, बोलाचाली झाली, मोटार निघाली. आणि मोटारीपेक्षा वेगाने तिचे चित्र पुढच्या गावी पोहोचले. मुरकीला रस्ता अडविला गेला आणि एका तरुण अभियंत्याचा जीव गेला. सोडवावयास गेलेले पोलीसही जखमी झाले. यानंतर चारच दिवसांनी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमावा, असे खटले शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढावेत, असे आदेश दिले.

या सर्व प्रसंगी जमावाच्या तोंडी एकच वाक्य असते: “आम्ही चोर धरला.” म्हणून नागरिकाला धरण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे काय, आणि दिला असल्यास किती, हे मी पुढे मुद्दाम वाचून काढले. मी मराठीचा विद्यार्थी, कायद्याचा नव्हे. तथापि ज्याच्या हाती कुलूप-किल्ली आहे त्याने एवढे तरी वाचावयास हवे होते.

अधिकार आहे. १८९८च्या फौजदारी संहितेत तो ५९व्या कलमात होता, १९७३च्या संहितेत ४३व्या कलमात आला आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो ४०व्या कलमात आहे. खाजगी व्यक्तीच्या समक्ष कोणी बिनजामीनपात्र आणि दखलपात्र असा अपराध केला, किंवा न्यायालयाने जाहीर केलेला फरारी अपराधी समोर आला, तर ती व्यक्ती त्याला अटक करू शकते. मात्र विनाकारण विलंब न लावता त्याला पोलिसाच्या स्वाधीन केले पाहिजे, पोलीस जवळ नसल्यास सर्वांत जवळच्या ठाण्यावर नेले पाहिजे. नव्या संहितेने येथे ‘सहा तासांच्या आत’ एवढे शब्द वाढविले आहेत. पोलिसांना त्याने काही अपराध केला असे मानण्यास कारण दिसले नाही, तर त्याला ताबडतोब सोडावयाचे.

‘समक्ष’ हा येथला मुख्य शब्द आहे. ऐकले, वाटले, मोबाइलवर आले, हे काही चालत नाही. आपल्या डोळ्यांदेखत अपराध घडला पाहिजे. माझ्या गोसाव्याने कोणाच्या देखत काय केले होते? मुलांच्या कपाळी अंगारा लावला होता. तेव्हा जी झाली ती अटक नव्हतीच. माणसाला अन्यायाने कोंडून ठेवण्याचा तो अपराध होता आणि त्यात मी सामील होतो. माझ्याविरुद्ध कोणी फिर्याद केली नाही, ही गोष्ट निराळी.

पुढे वाचू लागलो तो अडचण अधिकच वाढली. ‘बिनजामीनपात्र आणि दखलपात्र’ हे सामान्य माणसाने ओळखावयाचे कसे? त्यासाठी संहितेला जोडलेले लांबलचक परिशिष्ट पाहावे लागते. त्यात अपहरणाच्या साध्या गुन्ह्यापुढे ‘दखलपात्र’ असे आहे, पण ‘जामीनपात्र’ असेही आहे. म्हणजे ज्या संशयाने इतकी माणसे मारली गेली, तो गुन्हा प्रत्यक्ष डोळ्यांदेखत घडला तरी, खंडणी, भीक मागावयास लावणे यांसारखा अधिक घोर हेतू नसल्यास, या कलमाखाली नागरिकाला अटकेचा अधिकारच नाही! कोणी म्हणेल, मग मूल नेताना पाहत उभे राहावयाचे काय? तसे नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क कायद्याने वेगळा दिला आहे आणि अपहरण थोपविण्याच्या बाबतीत तो फार मोठा आहे. मूल हिसकावून घ्या, वाट अडवा, ओरडा. मूल सुखरूप हाती आले की तो हक्क संपतो. त्यानंतर झाडाला बांधणे, मारणे, कबुलीजबाब घेणे यांपैकी कशालाही त्याचा आधार नाही.

चोरीचे तर याहून चमत्कारिक झाले आहे. पूर्वी चोरी सरसकट बिनजामीनपात्र असे. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू चोरणारा, तो पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल परत करीत असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे, आणि असा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र धरला आहे. शिक्षेतील ही सौम्यता मला मान्य आहे. पण रात्री दोन वाजता कोंबडी घेऊन पळणारा दिसला तर धरावा की नाही? शेळी असेल तर धरता येईल बहुधा. कोंबडी असेल तर आधी त्याला विचारावे लागेल की बाबा, तुझी ही पहिलीच खेप ना? विनोद सोडून देऊ. पण ज्याला हा अधिकार दिला आहे त्याला त्याची मर्यादा कळण्याचा मार्ग कायद्याने ठेवलेला नाही, ही तक्रार खरी आहे.

आणि हा अधिकार काढूनच टाका, असे मात्र माझ्याने म्हणवत नाही. आमच्याकडे खेडे कोठे, ठाणे कोठे. भीमाकाठच्या उसाला आणि तुरीला पाणी देण्यासाठी रात्री शेतावर जाणारा शेतकरी एकटा असतो. पंपाची मोटार, तांब्याची केबल, जनावर, एवढेच त्याचे भांडवल. ते डोळ्यांदेखत जाताना पाहून त्याने पोलिसांची वाट पाहत बसावे, असे शहरातल्या माणसाने सांगू नये.

जुन्या काळी हे काम गावाकडेच होते. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचे वर्णन आहे. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की तेथल्या जागल्याला तो दाखवून त्याच्या हवाली करावयाचा. मग चोर देणे ही त्या गावाची जबाबदारी. इंग्लंडातही १२८५च्या विंचेस्टरच्या कायद्याने अशीच व्यवस्था होती: चोराचा पुकारा झाला की गावाने पाठलाग करावा, चोर न सापडल्यास परगण्याने भरपाई द्यावी. त्या व्यवस्थेत जाच पुष्कळ होता, तिची आरती मी ओवाळीत नाही. जागल्याचे काम ज्या जातींच्या गळ्यात घातले होते, त्यांनाच चोरही समजले जाई. पुढे १८७१च्या कायद्याने तर इंग्रजांनी पुऱ्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाला तरी माणसांच्या मनातून तो गेलेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले असेल त्यांना हे निराळे सांगावयास नको. तरीपण जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. माग काढणारा कोण, कोणाच्या हवाली केला, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक असे. चुकला तर जाब विचारावयास एक माणूस असे. राईनपाड्याच्या किंवा मुरकीच्या गर्दीत असा माणूस कोणता होता?

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १८६३ सालचा एक कायदा होता. नुसत्या सबळ संशयावरूनही नागरिकाला धरण्याची मुभा तो देत असे. २०२० सालच्या फेब्रुवारीत तेथे धावावयास निघालेल्या एका २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा तिघांनी गाड्यांतून पाठलाग केला, चोर समजून त्याला अडविले आणि गोळी घातली. आम्ही नागरिक म्हणून अटक करीत होतो, हाच त्यांचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही, आणि राज्याने २०२१ साली तो कायदाच रद्द केला. दुकानदारांसारख्यांना तेवढी थोडी मुभा ठेवली. कॅनडात उलट झाले. २००९ साली टोरंटोच्या एका दुकानदाराने रोपे चोरणाऱ्याला, तो तासाभराने पुन्हा आला असता, धरून बांधले. पोलिसांनी दुकानदारावरच खटला भरला. तो सुटला, लोकांना त्याची बाजू पटली, आणि २०१२ साली कायदा दुरुस्त होऊन चोरीनंतर वाजवी वेळेत धरण्याची परवानगी मिळाली. मला स्वतःला इंग्लंडची तरतूद अधिक शहाणपणाची वाटते. तेथे गुन्हा गंभीर असला पाहिजेच, शिवाय त्या वेळी पोलिसाने येऊन अटक करणे व्यवहारतः शक्य नसले पाहिजे.

आपल्या कलमात ही अट नाही. सहा तासांची मुदत घातली, हे चांगलेच झाले. पण सहा तास हा कोणत्या काळाचा हिशोब आहे? जमावाला माणूस मारावयास अर्धा तास पुरतो. आज गावोगाव फोन आहे, कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही ११२ हा क्रमांक फिरविता येतो. स्वाधीन करण्यास वेळ लागेल, हे समजण्यासारखे आहे. कळविण्यास का लागावा? धरल्याबरोबर कळविलेच पाहिजे, हे शब्द कायद्यात हवेत.

अटक करणाऱ्याने, मग तो पोलीस असो वा अन्य व्यक्ती, अटकेचे कारण त्या माणसाला सांगावे, त्याच्या नातेवाइकाला कळवावे, पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक बंधन घालू नये, हे नियम संहितेत आजही आहेत. पण ते निरनिराळ्या कलमांत विखुरलेले आहेत; नागरिकाच्या अटकेच्या कलमात त्यांचा साधा उल्लेख नाही. हे सारे एका ठिकाणी, साध्या कानडीत व मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येईल असे झाले पाहिजे. बंद खोलीत कोंडण्यास स्पष्ट मनाई हवी. आणि ज्याने धरले त्याने आपले नाव, वेळ, आणि स्वतः डोळ्यांनी काय पाहिले, हे लिहून खाली सही किंवा अंगठा केल्याखेरीज त्या धरण्याला अटक म्हणूच नये. पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या हत्येला नव्या न्याय संहितेत जन्मठेप किंवा फाशी सांगितली आहे. मुले पळविण्याच्या अफवेवरून झालेली हत्या त्या शब्दांत सरळ बसते काय, याची मला शंका आहे. बसली तरी ते कलम माणूस मेल्यावर उपयोगी पडणारे. मला काळजी आहे ती त्याआधीच्या अर्ध्या तासाची.

सहीची कल्पना मला पुस्तकातून सुचलेली नाही. २०२४च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आता मी दुसऱ्या गावी मुख्याध्यापक आहे. एके दिवशी पहाटे दहा-बारा जण एका पोराला घेऊन शाळेवर आले. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. विहिरीवरची केबल कापताना धरला म्हणाले आणि खोली मागितली. मी खोली दिली नाही. त्याला व्हरांड्यात, साऱ्यांना दिसेल असा, खुर्चीवर बसविले, चहा दिला, ११२ला फोन केला. मग कोरा कागद घेऊन बसलो आणि म्हटले, “ज्यांनी कापताना पाहिला त्यांनी नाव सांगा, वेळ सांगा, खाली सही करा.”

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाला दूध घालावयाचे आठवले, दुसऱ्याची बस होती. एक जण म्हणाला, “सर, आम्ही मागून आलो.” अखेर दोघे उरले; शेताचा मालक आणि त्याचा भाऊ. दोघांनी सह्या केल्या, कारण दोघांनी खरोखरच पाहिले होते. मारावयास उठलेले बाकीचे दहा जण नुसते ऐकून आले होते.

पोलीस तासाभरात आले. जमादारांनी कागद वाचला आणि मालकाला पहिला प्रश्न केला, “केबल किती रुपयांची?” मालक म्हणाला, “चार हजार असेल, साहेब.” भावाने त्याला कोपराने ढोसले आणि म्हणाला, “सहा लिहा, साहेब, सहा.” जमादार माझ्याकडे पाहून हसले. मी कागद पुढे केला. त्यात किमतीचा रकाना मी ठेवला नव्हता.